जोडपत्रसाहेबांचे बेचाळीस मेपल

निरोपसमारंभात माणसाला बोलायला सांगू नये. आणि ज्याने पस्तीस वर्षं लोकांना फक्त लेखी उत्तरं दिली, त्याला तर मुळीच सांगू नये.

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागाचे मुख्य कारकून अशा माणसांपैकीच. कुठल्याही कागदाला किमान एक जोडपत्र लावल्याशिवाय तो पुढे सरकवायचा नाही हा त्यांचा खाक्या, म्हणून अख्खी कचेरी त्यांना 'जोडपत्रसाहेब' म्हणायची. पाठीमागे, अर्थातच. तोंडावर नुसतं 'साहेब'. निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी दोन पानी भाषण आणि एक पानी जोडपत्र असा बंदोबस्त करून आणला होता. फक्त चष्मा घरी राहिला.

कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग साहेबांनी नजर खिडकीबाहेर वळवली. आवारात जपानी मेपलचं जुनं झाड होतं. थंडी तोंडावर आलेली, पानं लालभडक झालेली. पस्तीस वर्षं त्या झाडाला पाठ करून बसलेल्या साहेबांना ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि भाषणाच्या कागदाची घडी होऊन खिशात गेली.

"या झाडाच्या बियांपासून," साहेब म्हणाले, "मी स्वतःच्या हातांनी रोपं तयार करीन. आणि तुम्हा बेचाळीस जणांना प्रत्येकी एक देईन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांसाठी वाजलेल्या त्या आयुष्यातल्या पहिल्याच टाळ्या. दुसरं काही नाही, त्या टाळ्यांनी घात केला.

पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे सगळं गाव, आणि मनातल्या मनात साहेबही, त्यांना 'बाई'च म्हणत. घरी आल्यावर चपला काढताना बाई म्हणाल्या, "अहो, आजवर गजर सोडून तुम्ही काय लावलंय हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कापडी पिशवी घेऊन कचेरीच्या आवारात हजर. मेपलच्या बिया जोडीजोडीने लागतात, आणि प्रत्येकीला एकेक पातळ पंख असतो. साहेबांनी वाकून चार बिया उचलल्या असतील नसतील, तोच मागून पहारेकरी आला.

"साहेब, ते ठेवा खाली."

"काय?"

"नियम आहे. आवारातलं पान, फूल, फळ, बी, फांदी, काहीही विनापरवाना नेता येणार नाही. पाटी वाचली नाहीत का?"

"अरे, ती पाटी मीच लिहिलीय!"

"म्हणून तर म्हणतोय. तुम्हाला तरी माहीत असायला हवं."

मनातून साहेबांना पहारेकऱ्याचा थोडा अभिमानच वाटला. बिया परत खाली ठेवून ते जिना चढून आपल्या जुन्या विभागात गेले. तिथे त्यांच्या खुर्चीवर आता अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस बसला होता. हा गृहस्थ बोलण्याआधी दोनदा खाकरायचा. साहेबांना पाहून तो अर्धवट उठला, मग आपल्या नव्या पदाची आठवण होऊन अर्धवट बसला, आणि खाकरला.

"अर्ज द्या साहेब. तीन प्रतींत. बियांची संख्या नक्की लिहा."

"दोनशे धरा."

"पंखांसकट की पंखांशिवाय?"

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पण तो थट्टा करत नव्हता. हे सगळं त्याला साहेबांनीच शिकवलं होतं.

अर्ज उद्यान विभागाकडे गेला. उद्यान विभागाने कळवलं, की झाड आमचं खरं, पण जमिनीवर पडलेल्या वस्तूंशी आमचा संबंध नाही; जमीन इमारत विभागाची. इमारत विभाग म्हणाला, जमीन आमची, पण तिच्यावर जे पडतं तो कचरा, आणि कचरा स्वच्छता विभागाचा. अखेर एकोणिसाव्या दिवशी स्वच्छता विभागाचं पत्र आलं: 'अर्जदारास दोनशे नग सुका कचरा स्वखर्चाने उचलण्यास हरकत नाही.' आपल्या काळात याला पंचवीस दिवस लागले असते, हे साहेबांनी मोठ्या मनाने कबूल केलं.

पत्र घेऊन ते धावत आवारात गेले, तर झाडाखालची फरशी लख्ख. मेपलच्या बियांना पंख असतात; सरकारी कागदांना नसतात. एकोणीस दिवसांत निम्म्या बिया वाऱ्याने नेल्या होत्या आणि निम्म्या झाडूने. साहेब तिथल्या पायरीवर मटकन बसले.

झाडूवाल्या बाई लांबून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि कोपऱ्यातून एक गच्च भरलेली गोणी ओढत घेऊन आल्या. "रोज या झाडाभोवती घिरट्या घालत होता तुम्ही. म्हटलं, या माणसाला इथलं काहीतरी हवंय. घ्या, सगळं वेगळं काढून ठेवलंय."

"पण... पावती?"

"कशाची? कचऱ्याची?" त्या म्हणाल्या आणि झाडू उचलून निघून गेल्या.

वाचनालयातून आणलेल्या बागकामाच्या पुस्तकाप्रमाणे साहेबांनी बिया कोमट पाण्यात दिवसभर भिजत घातल्या. पुस्तक म्हणत होतं, बुडेल ती बी खरी, तरंगेल ती पोकळ. कचेरीत नेमकं उलटं असतं, असं साहेबांच्या मनात आलं, पण ते त्यांनी मनातच ठेवलं. बुडालेल्यांतल्या मोजून दोनशे बिया त्यांनी निवडल्या. परवानगी तेवढ्याचीच होती. पुढची पायरी मात्र नाजूक होती: बिया ओल्या वाळूत मिसळून, पिशवीत घालून, शंभर दिवस थंडीत ठेवायच्या. शून्याच्या वर, पाचाच्या खाली. म्हणजे फ्रिजमध्ये.

"वाळू?" बाई म्हणाल्या. "माझ्या फ्रिजमध्ये?"

"धुतलेली आहे."

"शंभर दिवस?"

"थंडी खाल्ल्याशिवाय बी जागी होत नाही. तिला वाटायला हवं की हिवाळा येऊन गेला."

"मग खोटं बोलायला माझाच फ्रिज सापडला का?"

तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर भाजीच्या कप्प्याचा डावा कोपरा मंजूर झाला. पिशवीवर साहेबांनी चिठ्ठी चिकटवली: 'बिया. हात लावू नये.' फ्रिजच्या आत थर्मामीटर टांगला. आणि मग सल्लागार गोळा झाले. समोरच्या वहिनी म्हणाल्या, बियांशी रोज दोन शब्द गोड बोला. बाई तिथेच होत्या, त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांना शिकावं लागेल." वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर रोज चार वाजता, म्हणजे बरोबर चहाच्या वेळी, पिशवीची तपासणी करायला येऊ लागले. विसाव्या दिवशी त्यांनीच वाळूवर पांढरी बुरशी पाहिली आणि अगदी शांतपणे निदान केलं, "दालचिनीची पूड टाका. बुरशी पळेल."

बुरशी खरंच पळाली. पण दुसरीच भानगड झाली. साहेबांच्या सासूबाई लेकीकडेच राहायच्या. वय त्र्याऐंशी, कान अधू, नाक तल्लख. फ्रिज उघडताच त्यांना दालचिनीचा वास आला, आणि आपल्यापासून लपवून ठेवलेला हा चहाचा मसाला असावा असं त्यांनी ठरवलं. चार वाजता मास्तर आले. चहा झाला. मास्तरांनी घोट घेतला, डोळे मिटले, म्हणाले, "वा! आज काहीतरी वेगळंच आहे."

तळाशी पोचल्यावर त्यांच्या दाताखाली काहीतरी कचकच वाजलं.

"आजी, साखर जरा जाडी आहे का?"

साहेबांनी उडी मारून कप हिसकावला. पाच बिया मिळाल्या, दोन मास्तरांच्या पोटात गेल्या. मास्तरांनी आठवडाभर पोटावरून हात फिरवत सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. "जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमचा तो जपानी पिंपळ चवीला काही वाईट नव्हता." मेपल हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही.

या प्रसंगानंतर साहेबांचा कुणावरच विश्वास उरला नाही. दिवसातून वीस वेळा ते फ्रिज उघडून बिया आणि थर्मामीटर तपासू लागले. पस्तिसाव्या दिवशी फ्रिजने एक सुस्कारा सोडला आणि तो गार पडला. म्हणजे गरम पडला. दुरुस्तीवाल्याने मागची बाजू उघडली, साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात लहान मुलं आहेत का? सारखं दार उघडणारी?"

"एक आहे," बाई म्हणाल्या.

नवा भाग यायला पंधरा दिवस लागणार होते. साहेब पिशवी छातीशी धरून रस्त्यावर आले. वहिनींचा फ्रिज लहान; मास्तरांच्या फ्रिजमध्ये रंग. शेवटी ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. या दोघांची दोस्ती पंचवीस वर्षांची. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे स्टुलं टाकून ते बुद्धिबळ खेळायचे, आणि हरताना दोघंही चालीपेक्षा तत्त्वावर भांडायचे. औषधवाल्याकडे लशी ठेवायचा फ्रिज होता. काट्यावर चार अंश, ना वर ना खाली.

"यात औषधांशिवाय काही ठेवायचं नसतं," औषधवाले म्हणाले.

"मला नियम सांगतोस?" साहेब म्हणाले. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. कोण बघतंय?"

बघितलं. बाराव्या दिवशी औषध निरीक्षक बाई अचानक तपासणीला आल्या. उंच, शांत, हातात रजिस्टर. त्यांनी लशींचा फ्रिज उघडला. लशीच्या खोक्यांमागून दोन बोटांनी एक पिशवी बाहेर काढली: आत ओली वाळू, तपकिरी पूड आणि कसल्यातरी पंखवाल्या बिया. वर चिठ्ठी, 'हात लावू नये'.

"हे कुठल्या रोगावर?" त्यांनी विचारलं.

पिशवी लाखेने सीलबंद होऊन जप्त झाली आणि दुकानावर नोटीस लागली: सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास परवाना रद्द करण्यात येईल. साहेब धापा टाकत पोचले तेव्हा औषधवाले नोटीस वाचत उभे होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाले, "तीस वर्षांत एक शेरा नव्हता माझ्यावर." आणि पटावरच्या सोंगट्या गोळा करून डब्यात भरू लागले.

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. बेचाळीस झाडं, टाळ्या, सगळं डोक्यातून गेलं. खुलासा म्हणजे आपला प्रांत, या एकाच विचाराने त्यांना धीर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसून त्यांनी अकरा पानी खुलासा लिहिला, चार जोडपत्रांसह. त्यात मेपलचा इतिहास होता, स्वच्छता विभागाचं पत्र होतं, फ्रिज दुरुस्तीवाल्याचा जबाब होता. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी लाल पेन तसंच हातात धरून ती अकरा पानं वाचली.

"यात चूक कोणाची आहे ते कुठे लिहिलंय?"

"ते ओघात येतं. सातव्या पानावर..."

"सातव्या पानावर तर 'परिस्थिती उद्भवली' असं लिहिलंय. परिस्थिती पिशवी घेऊन गेली होती का दुकानात?"

बाईंनी पहिलं पान खोडलं. दुसरं खोडलं. साहेबांना वाटलं, कोणीतरी आपली पस्तीस वर्षं खोडतंय. शेवटी बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. साहेब बराच वेळ पेन धरून बसले. मग त्यांनी लिहिलं: 'पिशवी माझी. आग्रह माझा. औषधवाल्यांनी नियम सांगितला होता, तो मी मोडायला लावला. चूक माझी आहे.' खाली सही. 'चूक माझी आहे' हे तीन शब्द त्यांनी कुठल्याच कागदावर कधी लिहिले नव्हते, त्यामुळे त्यात 'चूक'चा उकार पहिला की दुसरा, हेही बाईंना विचारावं लागलं.

निरीक्षक बाईंनी कागद वाचला. उलटून मागे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"माझ्याकडे रोज तीस पानी खुलासे येतात," त्या म्हणाल्या. "वाचून कळत नाही की माणूस कबूल करतोय की सत्कार मागतोय." औषधवाल्यांना लेखी ताकीद देऊन त्यांनी प्रकरण मिटवलं. परवाना वाचला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवण्यासाठी त्यांनी विचारलं, "आणि माझ्या बिया?"

"तो जप्त मुद्देमाल आहे. फाइल तीन टेबलांवरून फिरून बंद झाल्याशिवाय मिळणार नाही."

साहेबांनी बियांची आशा सोडली. फाइल म्हणजे काय असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

औषधवाल्यांशी बोलणं सुरू व्हायला मात्र तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी त्यांनीच न बोलता पट मांडला, साहेब न बोलता स्टुलावर बसले, आणि साहेबांनी पहिल्याच डावात वजीर घालवल्यावर औषधवाले म्हणाले, "मुद्दाम हरू नकोस. मला राग येतो."

सात आठवड्यांनी बोलावणं आलं. निरीक्षक बाईंच्या टेबलावर पिशवी ठेवली होती, सील तसंच. "नियम असा आहे," त्या म्हणाल्या, "की मुद्देमाल ज्या स्थितीत सापडला त्याच स्थितीत जपायचा. चार अंशांत सापडला, म्हणून चार अंशांत ठेवला. दिवसातून दोनदा तापमानाची नोंद आहे. पण एक अडचण झालीय."

त्यांनी पिशवी उजेडात धरली. वाळूतून पांढरे, नाजूक, वळलेले कोंब सगळीकडून डोकावत होते.

साहेबांनी मनात हिशेब केला. पस्तीस, बारा आणि एकोणपन्नास. शंभराला चार कमी, पण बियांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. एका खात्याने बिया वाऱ्यावर घालवल्या होत्या आणि दुसऱ्याने आईच्या मायेने उबवल्या होत्या. उबवल्या म्हणजे गारठवल्या. फाइल एक टेबल लवकर सरकली असती तर बिया परत साहेबांच्या फ्रिजमध्ये आल्या असत्या आणि सगळं फुकट गेलं असतं.

"जप्त केलं तेव्हा बिया होत्या," निरीक्षक बाई म्हणाल्या. "आता रोपं आहेत. नोंद जुळत नाही."

दोघांनी मिळून बराच विचार केला. मग साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मुद्देमाल वाढीसह मिळाला', आणि सही केली. नोकरीत असते तर हा शेरा त्यांनी चौकटीत लावला असता.

गॅलरीत ट्रे मांडले गेले. त्र्याण्णव रोपं उभी राहिली, प्रत्येकाला बाळाच्या तळहाताएवढंसुद्धा नव्हे, बाहुलीच्या तळहाताएवढं पान. आणि मग सगळं घर त्यांच्या प्रेमात पडलं, हेच वाईट झालं. साहेब सकाळी पाणी घालत. शाळेतून आल्यावर बाई, कुणाला न सांगता, घालत. सासूबाई संध्याकाळी तांब्या रिकामा करत. मास्तर वरच्या गॅलरीतून ब्रश धुतलेलं पाणी झाऱ्याने सोडत. महिन्याभरात निम्मी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. चौकशीत प्रत्येकाने "मी फक्त एकदाच" असं सांगितलं, आणि प्रत्येकजण खरं बोलत होता. मग उन्हाची एक दुपार आली आणि तिने उरलेल्यांतली बरीचशी करपवली. पुढच्या हिवाळ्याच्या सुमाराला साहेबांनी मोजली तेव्हा अकरा होती.

तीही एकासारखं एक नाही. एक लाल, तीन तपकिरी, बाकी हिरवी. एकाची पानं तर नुसती चिरफाळलेली. पुस्तकात होतंच, की बियांपासून आलेली मेपलची पोरं आईसारखी निघतीलच असं नाही. सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यात काय नवीन?"

बेचाळीसांना अकरा कशी वाटायची? साहेबांची झोप उडाली. सेवाज्येष्ठतेने द्यावीत, की चिठ्ठ्या टाकाव्यात? एकतीस जणांना काय तोंड दाखवायचं? शेवटी त्यांनी अकरा कुंड्या एका खोक्यात रचल्या, माफीचे दोन शब्द पाठ केले आणि चष्मा लावून कचेरी गाठली. जिना चढून दारात उभे राहिले.

"मंडळी, दिलेला शब्द पुरता पाळता आला नाही..."

बेचाळीसांतले तीसेक जण हजर होते. सगळ्यांनी आदराने मान वर केली. कुणीतरी विचारलं, "कुठला शब्द साहेब?"

"झाडं. मेपलची. प्रत्येकाला एक म्हणालो होतो ना."

लोक एकमेकांकडे बघू लागले. निरोपसमारंभ सगळ्यांना आठवत होता. कोपऱ्यातल्या एकाला तर त्या दिवशीची बिस्किटं कुठल्या चवीची होती तेही आठवत होतं. झाडाचं मात्र कुणालाच आठवेना. नवे मुख्य कारकून खाकरले आणि मायेने म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलत होता तेव्हा आम्हाला वाटलं, भाषण संपलं. म्हणून टाळ्या वाजवल्या."

साहेब खोकं घेऊन खाली आले. आवार झाडणाऱ्या बाईंनी न विचारता खोक्यात डोकावून सगळ्यांत लाल रोप उचललं, आणि "हे माझं" म्हणून आपल्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. तेवढ्यानेच साहेबांना गेट ओलांडायचं बळ आलं. वाटेत औषधवाल्यांनी एक घेतलं आणि गल्ल्यावर ठेवलं, लशींपासून लांब. निरीक्षक बाईंना भेट घेता येत नाही म्हणून त्यांनी नुसतंच पानावरून बोट फिरवलं.

घरी आल्यावर बाईंनी खोक्यात पाहिलं. नऊ. त्यांनी गॅलरीतली कपड्यांची दोरी सोडून आत बांधली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत एकेक कुंडी मांडू लागल्या. साहेब शेजारी बसून मांडलेल्या कुंड्या सरळ करू लागले.

"कुणालाच आठवत नव्हतं," ते म्हणाले.

"मला आठवत होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार वाईट बोललात त्या दिवशी. पण खिडकीबाहेर बघताना चांगले दिसत होतात."

सासूबाई भिंतीला धरून गॅलरीत आल्या. सगळ्यांत मोठ्या रोपासमोर उभ्या राहिल्या. ते वीतभर होतं.

"जावईबापू, याची सावली कधी पडेल हो?"

"दहा-बारा वर्षं तरी लागतील," साहेब त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले.

सासूबाईंनी रोपाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, आणि फरशीवरच्या एका जागेवर पाय ठेवून ती पक्की केली.

"मग माझी खुर्ची आत्ताच इथे टाका. नंतर तुम्ही लोक जागा देणार नाही."